जीपच्या पोटातलं पिवळं

आमच्या जीपच्या मागच्या बाजूनं आवाज येतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते शेजारच्या येसाजीरावांच्या लक्षात आलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

तसा आवाज मलाही ऐकू यायचा. जीप जरा वेगात निघाली की मागून 'ऊंऽऽ' असा एक सूर लागायचा. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, गुणगुणत असेल. पण येसाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात शिलेदार होते आणि ते स्वतः घोडेस्वार पोलिसांतून निवृत्त झालेले. त्यामुळे ते कुठल्याही वाहनाकडे मागून बघतात. मी म्हैसूरच्या बोगादी भागातल्या आमच्या गल्लीत जीप वळवत होतो, तर हे फाटकात उभे राहून कान टवकारून ऐकत होते. जीप थांबताच त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "मूर्ती, हिचा मागचा पाय धरतोय रे."

"पाय नव्हे, चाक म्हणा."

"तेच ते. लंगडायच्या आधी घोडं असंच कण्हतं."

झालं. त्या दिवसापासून मला जीप चालवताना दुसरं काही ऐकू येईना.

माझं नाव नरसिंहमूर्ती. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी उभा जन्म काढला. तिथं माणसावर विश्वास ठेवायचा पगार मिळत नाही. पेपर लिहिताना जो मुलगा वर छताकडे बघतो त्याच्या खिशात चिठ्ठी असते, आणि जो खाली मान घालून मन लावून लिहितो त्याच्या बुटात असते. तेव्हा संशय हा माझा स्वभावदोष आहे, असं माझी बायको तुंगा म्हणते ते बरोबर नाही. तो नोकरीतला अनुभव आहे. निवृत्त झाल्यावर मी जीप घेतली तीही सरकारी लिलावात, जप्त केलेल्या गाड्यांच्या. सरकारी कागदावर शिक्का असतो, निदान तिथं तरी फसवणूक नाही, हा विचार. कागदावर जप्तीचं कारण 'अवैध वाहतूक' एवढंच होतं. कशाची वाहतूक, ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलंही नाही. तुंगानं मात्र विचारलं होतं, "चोरांची गाडी घरात आणताय?"

जीप घेऊन मी लष्कर मोहल्ल्यात चिदंबरच्या गॅरेजमध्ये गेलो. चिदंबर गाडीखाली गेला, बराच वेळ तिथं पडून राहिला (मला शंका आली, झोपला की काय), मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "डिफरन्शियल, सार."

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असलेला कलिंगडाएवढा लोखंडी गोळा. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं आणि आतलं कमी, त्या दोघांचं भांडण हा गोळा मिटवतो. त्याच्या पोटात दातेरी चाकं असतात आणि काकवीसारखं दाट तेल असतं.

"मग आता?"

"तेल बदलतो की. बघू. चाललं तर चालेल सार."

'चाललं तर चालेल' हे उत्तर मी आयुष्यभर नापासांच्या तोंडून ऐकलेलं. शिवाय त्यानं तेल बदललं ते मी बघितलं नव्हतं. समोरच्या दुकानात कॉफी प्यायला पाठवलं होतं मला. का पाठवलं?

घरी येऊन मोबाइलवर शोधलं. तिथं एका गृहस्थानं फार मुद्द्याची गोष्ट सांगितली होती. दात्यांवर दाते घासले की लोखंडाचा बारीक भुगा पडतो, तो तेलात फिरतो आणि दात्यांना आणखी खातो. म्हणून गोळ्याच्या तळाला तेल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याच्या टोकाला चुंबक बसवायचा. फिरता फिरता सगळा भुगा त्याला चिकटतो. बोल्ट काढून बघितला की आत काय चाललंय ते कळतं. मला हे इतकं पटलं म्हणून सांगू! म्हणजे तेलात बसवलेला पर्यवेक्षकच की. न बोलता, न झोपता, कॉफीला न जाता आत बसून राहणार.

असा चुंबकाचा बोल्ट मी मागवला आणि तो आल्याची बातमी बागेत आम्ही निवृत्त मंडळी बसतो त्या बाकावर फुटली. एक जण म्हणाले, चुंबक उत्तरेकडे तोंड करून बसवा. मी म्हटलं, गाडी वळते, उत्तर कशी धरून ठेवू? दुसऱ्यांनी बोल्ट हातात घेतला आणि गुडघ्यावर चोळायला सुरुवात केली, परत द्यायलाच तयार नाहीत. येसाजीरावांच्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, "भावजी, बोल्ट राहू द्या, आधी चाकाखाली लिंबू ठेवा." लिंबूही ठेवलं. उगाच कुणाचं मन कशाला मोडा.

चिदंबरला मात्र बोल्ट बघून वाईट वाटलं. "माझ्यावर विश्वास नाही काय सार?"

"आहे की! विश्वास आहे म्हणून तर चुंबक."

ह्यावेळी मी कॉफीला गेलो नाही. त्यानं बोल्ट बसवला, नवं तेल घातलं, मी डोळ्यांत तेल घालून बघितलं.

काही आठवडे गेले. आता बोल्ट काढून बघायची वेळ आली. गॅरेजमध्ये काढला तर चिदंबर माझ्याआधी पुसून टाकेल, असं मला वाटलं. म्हणून घरीच काढायचं ठरवलं. येसाजीराव मदतीला आले. दुपारी तुंगा सोसायटीतल्या बायकांबरोबर भजनाला गेल्याची खात्री करून मी तिची कणीक मळायची परात आणली आणि जीपखाली सरकवली. पाना येसाजीरावांनी लावला. घोड्याच्या नालेला लावतात तसा जोर लावला. बोल्ट सुटला तो एकदम, आणि तेल परातीत न पडता थेट माझ्या बनियनवर आलं.

ज्यांनी ह्या तेलाचा वास घेतला नसेल त्यांना तो सांगून कळणार नाही. सडलेली अंडी आणि जळका हिंग एकत्र केला तर साधारण अंदाज येईल. मी जीपखालून 'परात सरकवा, परात!' म्हणून ओरडतोय आणि येसाजीराव बोल्ट हातात धरून उन्हात जाऊन बघताहेत.

"मूर्ती! बाहेर ये! हे बघ, ह्याला दाढी आली."

खरंच दाढी होती. चुंबकाच्या टोकाला करड्या भुग्याचा झुपका, सुरवंटासारखा. मला धन्य वाटलं. चोर पकडला होता. पण येसाजीरावांची नजर एव्हाना परातीत जमलेल्या उरलेल्या तेलाकडे गेली होती. त्यांनी परात उचलली, उन्हात तिरकी केली, आणि काळ्या तेलाखाली काहीतरी चमकलं.

पिवळं.

बारीक बारीक कण. काही पापुद्र्यासारखे. येसाजीरावांनी चिमटीत धरून अंगठ्यावर घासले. आणखी चमकले. मी बोल्ट त्यांच्याजवळ नेला. लोखंडाची दाढी थरथरली, पण पिवळं जागचं हललं नाही. दोनदा करून बघितलं. चुंबक त्याच्याकडे ढुंकून बघेना.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मूर्ती," येसाजीराव हळू आवाजात म्हणाले. त्यांना हळू आवाज आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. "ही जीप जप्तीची नव्हं का?"

"हो."

"अवैध वाहतूक."

"हो."

"कशाची?"

दोघांच्याही मनात एकच शब्द होता, आणि तो उच्चारला तर भिंतीपलीकडच्या कुणाला तरी ऐकू जाईल अशी भीती होती. येसाजीरावांनी तो शेवटी कन्नडमध्ये उच्चारला, "चिन्ना." म्हणजे सोनं. जसं काही बोगादीत कन्नड कुणालाच कळत नाही!

त्यांचा सिद्धांत असा: चोरांनी सोन्याचे तुकडे डिफरन्शियलमध्ये लपवले, पोलिसांनी गाडी धरली, पण गोळा उघडला नाही. लिलाव झाला. आणि आता ते सोनं आत दात्यांमध्ये दळलं जातंय. "सोनं मऊ असतं बाबा," ते म्हणाले. भाजी आणायला मी जीप नेत होतो! भेंडीसाठी, दुधी भोपळ्यासाठी मी सोनं दळत होतो!

पिवळे कण आम्ही हिंगाच्या रिकाम्या डबीत भरले. कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. येसाजीरावांनी तेलकट हात आपल्या पंच्याला पुसले आणि घरी निघाले. ते गेल्यावर मला सुचलं, पंच्यावर किती गेलं असेल? मी हाक मारून म्हटलं, "पंचा ठेवून जा, धुऊन देतो."

"कशाला? रुक्मिणी धुवेल की."

"नको, तेल आहे, आमच्याकडं सोडा आहे."

त्यांनी पंचा खांद्यावर घट्ट ओढला. "आणि डबी कुणाकडं राहणार म्हणालास?"

"माझ्याकडं. जीप माझी आहे."

"परात मी तिरकी केली," एवढं म्हणून ते पंच्यासकट गेले.

त्या दिवसापासून जीप बाहेर काढणं मी बंद केलं. तुंगाला नंजनगूडला बहिणीकडे जायचं होतं. मी म्हटलं, बसनं जाऊ. ती म्हणाली, "दारात जीप असताना?" मी म्हटलं, गाडीला विश्रांती हवी. तिनं परातीचा वास घेतला, मग माझा घेतला, आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

खात्री करायला हवी होती. देवराज मोहल्ल्यात जयतीर्थ नावाचे सराफ आहेत, मठातली ओळख. मी एकटाच गेलो. येसाजीरावांना सांगितलं नाही, कारण त्यांचा आवाज मोठा. (त्यांचा हळू आवाज मी ऐकला होता, पण एका प्रसंगावरून नियम होत नाही.) दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून डबी पुढे केली. जयतीर्थांनी ती उघडली आणि मान मागे घेतली.

"हे काय मूर्ती? हिंग?"

"आत बघा."

त्यांनी भिंग लावलं. मग भिंग लावूनच माझ्याकडे बघितलं. त्यांचा डोळा केवढा मोठा दिसला!

"कुठलं हे?"

"घरातलं. जुनं."

"घरात कुठं?"

"खाली."

"कशाच्या खाली?"

मी घाम पुसला. ते म्हणाले, हे फार बारीक, तेलकट, असं कसोटीवर लागायचं नाही. धुऊन, वितळवून बघायला हवं. ठेवून जा. ठेवून जा! परीक्षा विभागात मी कुणाला उत्तरपत्रिका ठेवून जाऊ दिली आहे का? मी डबी उचलली. "मग आधारकार्ड तरी दाखवा," जयतीर्थ म्हणाले. सोन्याच्या वाटेवर पहिल्यांदा भेटलेला माणूस माझं आधारकार्ड मागतो, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं मला वाटलं. मी 'विसरलो' म्हणून निघालो. वळून बघितलं तर ते दुकानाच्या पायरीवर येऊन मी कुठल्या दिशेला जातो ते बघत होते.

दुसऱ्याच दिवशी मठात त्यांच्या बायकोनं तुंगाला सांगितलं, "तुमचे यजमान काल दुकानात आले होते."

"अहो, सराफाकडं कशाला गेला होता?" तिनं घरी येताच विचारलं.

"घड्याळ बंद पडलंय."

"घड्याळ सराफाकडं?"

ती आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. दागिन्यांचा डबा बाहेर निघाला. सगळं जागच्या जागी होतं. मला वाटलं, सुटलो. पण झालं उलटंच. दागिने शाबूत, म्हणजे मी विकायला गेलो नव्हतो. म्हणजे घ्यायला गेलो होतो. आणि घरी तर काही आणलेलं नाही. मग कुणासाठी? हा हिशेब तुंगानं मला तोंडानं सांगितला नाही, पण रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं. मी मीठ मागितलं तर म्हणाली, "जिथं सोनं जातं तिथं मागा."

हे तिनं रुक्मिणीबाईंना सांगितलं, रुक्मिणीबाईंनी येसाजीरावांना. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर येसाजीरावांनी आपल्या अंगणात खुर्ची टाकलेली, तोंड बरोबर आमच्या जीपकडे.

"काय चाललंय?"

"ऊन खातोय."

एप्रिलचं ऊन! डोक्यावर टोपी घालून हा माणूस ऊन खात होता. मी बाजारातून जीपला झाकायचं कापड आणलं. त्यांनी खुर्ची चार हात पुढं घेतली. मी फाटकाला कुलूप लावलं. आमच्या दोन घरांमधलं ते फाटक कधी बंदसुद्धा झालं नव्हतं. कुलूप लावताना ते माझ्याकडे बघत होते आणि मी कुलपाकडे.

"चोर फार झालेत," मी म्हटलं.

"होय की," ते म्हणाले. "ओळखीचेच असतात."

मग मला तिसराच संशय आला. चिदंबर! एवढा वेळ गाडीखाली पडून होता, तो काय करत होता? मी त्याला फोन करून सहज विचारतो तसं विचारलं, "तू हे डिफरन्शियल कधी पुरतं उघडलं होतंस का रे?"

"नाही सार. का?"

"काही नाही. सुम्ने. उगाच."

तासाभरात तो बोगादीला हजर. "सार, दुसऱ्या मेकॅनिककडं गेलात काय?" मी नाही म्हटलं. तो जीपभोवती फिरला. कापड उचलून वाकून बघितलं. अंगणातल्या तेलाच्या डागाकडे बघितलं. बोटानं थोडं उचललं, उन्हात धरलं आणि एकाएकी फारच गोड बोलायला लागला. "सार, एकदा पूर्ण उघडून बघू या की. मजुरी नको. फुकट करतो."

मेकॅनिक फुकट करतो म्हणाला! मला आता तिळमात्र शंका उरली नाही. पलीकडून येसाजीराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी चिदंबरला चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

आणि एके सकाळी पोलिसांची गाडी दारात आली. एक तरुण सब-इन्स्पेक्टर बाई उतरल्या, नाव सुप्रीता. फार सौम्य. कन्नडमध्ये म्हणाल्या, "मूर्ती सर, तुमच्या गाडीत सोनं आहे अशी माहिती आलीय."

"गाडीत नाही," मी म्हटलं, "डिफरन्शियलमध्ये."

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर मुलांना अशाच प्रश्नांनी पकडलं होतं मी! तेवढ्यात तुंगा हातात उलथनं घेऊन बाहेर आली. "काय म्हणालात? सोनं जीपमध्ये आहे? म्हणजे कुणी बाई नाही?"

"कुठली बाई?" सुप्रीताबाईंनी वही काढली.

"काही नाही हो," तुंगा म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मग तिला स्वयंपाकघरातून गायब झालेली हिंगाची डबी आठवली असावी. हसू मावळलं. "आणि मला सांगितलं नाहीत?"

पुढं जे झालं त्याला कायदा म्हणतात. सुप्रीताबाई म्हणाल्या, सोनं असेल तर ते जुन्या गुन्ह्यातला मुद्देमाल, सरकारचं. मी म्हटलं, लिलावाच्या कागदावर 'जशी आहे तशी' असं लिहिलंय, तर सोन्यासकट जशी होती तशी मी घेतली. त्या म्हणाल्या, लिलाव गाडीचा झाला, गाडीतल्या सामानाचा नाही. मी विचारलं, जे दात्यांमध्ये दळलं गेलंय ते गाडी की सामान? त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठांनी डिफरन्शियल म्हणजे काय ते विचारलं. त्या 'मागचा गोळा' म्हणाल्या. मग हुकूम आला: गाडी चालवायची नाही, पुरावा झिजेल. उचलून न्या, पंचांसमोर उघडा.

अशा रीतीनं माझी जीप लॉरीवर बसून निघाली. गल्लीतले सगळे आपापल्या फाटकात. बागेतल्या बाकावरचे गृहस्थ उभे राहिले आणि एकानं तर हात जोडले. कुणाची तरी मिरवणूक आहे असं वाटलं असेल. मी लॉरीत ड्रायव्हरशेजारी मान खाली घालून बसलो. लाज कशाची वाटते ते नीट कळत नव्हतं. सोनं निघालं तर चोर ठरणार, नाही निघालं तर मूर्ख. एवढ्या वर्षांत माझ्या सहीला कुणी हरकत घेतली नव्हती, आणि आज माझी गाडीसुद्धा स्वतःच्या चाकांवर नव्हती.

उघडायला गॅरेजच लागणार म्हणून मुक्काम लष्कर मोहल्ल्यात, चिदंबरकडे. पंच म्हणून येसाजीरावांनी फार लवकर हात वर केला. मी हरकत घेतली, "ह्यांचा संबंध आहे."

"माझा काय संबंध?" येसाजीराव गरजले.

"तुमचा पंचा तेलकट आहे."

सुप्रीताबाईंनी दोघांनाही दोन पावलं मागे उभं केलं. पंच म्हणून समोरचे कॉफीवाले आणि एक शिंपी आले, आणि तज्ज्ञ म्हणून देवराज मोहल्ल्यातून जयतीर्थांना बोलावण्यात आलं. कसोटीचा काळा दगड आणि तेजाबाची बाटली घेऊन आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "खाली म्हणजे इथं खाली होय!" तुंगा आणि रुक्मिणीबाईही बसनं येऊन पोचल्या. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असं तुंगानं आता ठरवलं होतं.

चिदंबरनं बोल्ट सोडले. गल्लीतलं सगळं येणं-जाणं थांबलं होतं. उरलंसुरलं तेल गळालं, झाकण निघालं, आणि आम्ही सगळे एकदम वाकलो. शिंप्याचं डोकं जयतीर्थांना लागलं. आत मोठं दातेरी चाक, त्याच्या मधोमध छोटी चाकं, आणि त्या छोट्या चाकांच्या पाठीशी काहीतरी पिवळं चमकत होतं. गर्दीतून 'ओऽ' असा आवाज निघाला. माझ्या दंडाला कुणीतरी गच्च धरलं. बघितलं तर येसाजीराव.

चिदंबरनं ते चिमट्यानं ओढून काढलं. एक पातळ, गोल, मधे भोक पडलेली चकती. झिजून कागदासारखी झालेली. दुसरीचे तर तुकडेच निघाले. त्यानं ती हातावर ठेवली आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"वॉशर," तो म्हणाला.

"सोन्याचा?" सुप्रीताबाई.

"पितळी. चाकं घासू नयेत म्हणून असतो. अशा जीपमध्ये असतोच."

"असतोच?" मी ओरडलो. "मग आधी का नाही बोललास?"

"मला वाटलंच होतं सार, वॉशरच असणार म्हणून." तो डोकं खाजवत राहिला. "पण म्हटलं, सोनं निघालं तर निघू दे की. आपण का नको म्हणा?"

जयतीर्थांनी तरीही चकती कसोटीवर घासली, पिवळी रेघ उमटली, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ फसफसून नाहीशी झाली. "काही नाही," ते म्हणाले. त्या दोन शब्दांनी गल्ली रिकामी झाली. कॉफीवाला पंच सगळ्यात आधी गेला, त्याला सहीसाठी परत बोलवावं लागलं.

सुप्रीताबाईंनी ठाण्यात फोन करून जुनी माहितीही काढली होती. अवैध वाहतूक वाळूची होती. नदीतली वाळू. ती कुठून तरी गोळ्यात शिरली असेल आणि वॉशर खाल्ले असतील, असं चिदंबर म्हणाला. मला वाटलं, चला, आता नवे वॉशर घालू आणि घरी जाऊ. पण तक्रारीत 'सोनं' असा शब्द होता. तो खोडायला प्रयोगशाळेचा दाखला लागतो. तो येईपर्यंत झिजलेले वॉशर, हिंगाची डबी आणि माझा चुंबकाचा बोल्ट, दाढीसकट, पाकिटात घालून लाखेनं मोहोरबंद झाले. पंचनाम्यात लिहिलं, 'सोनेरी दिसणारा, सोने नसलेला धातू.' खाली मी सही केली. जीप पोट उघडं टाकून तिथंच राहिली, कारण पोटाच्या आतलाही आता मुद्देमाल होता.

आम्ही चौघं बसनं परत निघालो. तुंगा आणि रुक्मिणीबाई पुढं बायकांच्या जागेवर बसल्या. मागं एकच बाक मोकळा होता. येसाजीराव खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी कडेला टेकलो, अर्धा बाहेर. बस निघाली.

बऱ्याच वेळानं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोलिसांना फोन मी केला."

मला ते जयतीर्थांचं काम वाटत होतं. मनातल्या मनात मी त्यांचं मठातलं येणंजाणं बंद करून टाकलं होतं. "तुम्ही? अहो पण का?"

"तू फाटकाला कुलूप लावलंस." ते अजूनही बाहेरच बघत होते. "एवढी वर्षं रुक्मिणी तिथनं विरजण मागायला येते. तिला त्या दिवशी रस्त्यावरनं वळसा घालून यावं लागलं. मला राग आला. सोन्याचा नाही बाबा, कुलपाचा."

मला बोलायचं होतं की तुम्ही ऊन खात बसला होता म्हणून कुलूप लावलं. पण ते ऊन खात बसले कारण मी एकटा देवराज मोहल्ल्यात गेलो. आणि मी एकटा गेलो कारण... तिथं आलो की मला थांबावं लागत होतं. पंच्याची गोष्ट मांडायला गेलो तर ती बसमध्ये बसून ऐकायला फार हलकी वाटत होती.

"उद्या काढतो कुलूप," मी म्हटलं.

"आजच काढ. विरजण लागेल."

बस वळली. येसाजीराव माझ्याकडे वळले. "मूर्ती, खरं सांग. सोनं निघालं असतं, सरकारनं सोडलं असतं, तर मला किती दिलं असतंस?"

पुढच्या बाकावरून तुंगाची मान किंचित तिरकी झाली. ऐकत होती.

"अर्धं," मी म्हटलं.

येसाजीरावांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग मान डोलावली आणि मला नीट बसता यावं म्हणून खिडकीकडे सरकले.

"मी पण अर्धंच म्हटलं असतं," ते म्हणाले.